कोणी विचारलं तर काय सांगायचं

माझी मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मी हे लिहायला तिची हरकत नाही. आजाराबद्दल मला फारसं लिहायचं नाही. आजाराचं काम डॉक्टरांनी केलं. आमच्या वाट्याला जे काम आलं होतं ते आम्ही कसं बिघडवलं, आणि पवईच्या एका शिबिरात ते माझ्या कसं लक्षात आलं, तेवढंच लिहायचं आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही मुलुंडला राहायचो. तीन मजली इमारत, एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, पुढे सामाईक गॅलरी. नवरा एका वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि मी भांडुपच्या एका कारखान्याचं कँटीन सांभाळायचे. दोन पाळ्या, तीनशे माणसं. सासूबाई आमच्याजवळ असायच्या. मुलगी एकुलती एक, आठ वर्षांची. तिसरीची शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत तिला ताप येऊ लागला. अंगावर निळे डाग दिसायला लागले. मला वाटलं, कुठे पडली असेल. महिन्याभराने मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना वेगळ्या खोलीत बोलावून सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे.

तो शब्द तेव्हा कोणी उच्चारत नसे. ‘तो रोग’ म्हणत, ‘मोठं दुखणं’ म्हणत, नाहीतर नुसतेच डोळे मोठे करत. इस्पितळाच्या जिन्यातच नवरा म्हणाला, “हे आपल्या दोघांत.” मी म्हटलं, “आणि आई?” तो म्हणाला, “आईला सांगावंच लागेल. बाकी कोणाला नाही. तिलाही नाही.” मला ते पटलं. अशा घरचं पाणी लोक प्यायचे नाहीत, आपली मुलं तिच्याशी खेळू द्यायचे नाहीत. सासूबाई तर आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नापर्यंत जाऊन आल्या. मुलीला आम्ही सांगितलं, “तुझं रक्त कमी आहे. बीट खायचं.”

औषधांनी तिचे केस गेले. सगळे, दहा दिवसांत. त्यावर काय सांगायचं, हे सासूबाईंनी सुचवलं. त्या मालवणच्या बाजूच्या, त्यांच्याकडे असल्या गोष्टींना तोडगा तयार असायचा. “लोकांका खरा कित्याक सांगूचा? केस नवसाक दिले म्हणान सांग. तिरुपतीक.”

मला ही कल्पना उत्तम वाटली, हे कबूल करते. मी कामाची माणूस. एकदा ठरलं की नीटच करायचं. तिला इस्पितळात चार दिवस ठेवायचं होतंच. त्या दिवसांत घराला कुलूप लावलं, सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं आणि सगळ्यांना सांगितलं की तिरुपतीला जातोय. परत यायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, “एकट्या पोरीचे केस दिले म्हटल्यावर लोक विचारतील, बापाचे का नाही.” म्हणून त्याने ठाण्याला जाऊन, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा न्हाव्याकडे डोकं साफ करून घेतलं. मी माटुंग्याहून मोठे बुंदीचे लाडू आणले, काजू-बेदाणे असलेले, आणि प्रसादासारखा वास यावा म्हणून त्यांच्या डब्यात कापराची वडी ठेवली. शेजारच्या काकूंनी तो लाडू दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवाच्या दिशेला तोंड करून खाल्ला. मी समोर उभी होते. मला लाज वाटली, पण काम फत्ते झालं याचं समाधान जास्त वाटलं.

शाळेला मात्र तिरुपती चालणार नव्हतं, शाळेला वर्षभराच्या रजेचं कारण हवं होतं. तिथे कावीळ सांगितली. फेब्रुवारीत औषधं बदलली आणि नुकते उगवलेले केस पुन्हा गेले. वर्षात दोनदा कोणी तिरुपतीला जात नाही. म्हणून इमारतीत टायफॉइड सांगितला. मुलीला मी ओट्याजवळ उभी करून हे सगळं पाठ करून घ्यायचे, पाढे घ्यावेत तसं. “कोणी विचारलं तर काय सांगायचं?” ती बरोबर सांगायची. चुकली तर पुन्हा विचारायचे.

मार्चपर्यंत तिचं रक्त सुधारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अजून दोन वर्षं चालतील, पण जूनपासून शाळेत घाला. शाळेनेही चौथीत घ्यायचं कबूल केलं. आम्ही घरी शिरा केला. मुलगी मात्र म्हणाली, “मी जाणार नाही.”

“का गं?”

“नाही जायचं.”

एवढंच. त्यापुढे तिने तोंड उघडलं नाही. खाली खेळायला जाणं तर तिने दिवाळीपासूनच बंद केलं होतं. मला वाटलं होतं अशक्तपणा आहे. संध्याकाळी खाली मुलं लंगडी घालायची आणि ही गॅलरीतून बघायचीही नाही, आत भिंतीकडे तोंड करून गोष्टीचं पुस्तक धरायची. रागवायची नाही, हट्ट करायची नाही, काही मागायची नाही. सुई टोचताना रडायची नाही. इस्पितळातले लोक म्हणायचे, किती शहाणी मुलगी. मलाही तसंच वाटायचं. पण एप्रिलमध्ये मी तिचा नवा युनिफॉर्म शिवून आणला, तिच्या पुढ्यात धरला, आणि तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला, पुन्हा उलटी. तेव्हा मात्र मला भीती वाटली. मरणातून निघालेली पोर घरात बसून राहिली तर आम्ही तिला वाचवलं ते कशासाठी, असा सरळ प्रश्न होता.

इस्पितळात एक समाजसेविका बाई होत्या. खादीची साडी, हातात सतत पिशवी, बोलणं फटकळ. त्यांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मे महिन्यात आम्ही मुलांचं शिबिर घेतोय. पवईला एका शाळेचं वसतिगृह सुट्टीत रिकामं असतं, तिथे. पाच दिवस. पाठवा तिला.”

“एकटीला? उन्हाळ्यात? तळ्याकाठी डास असतात.”

“मच्छरदाण्या आहेत.”

“पाणी?”

“उकळून देणार.”

“कोण उकळणार? किती वेळ? आणि जेवण कोण बघणार? या मुलांना कच्चं काही चालत नाही, बाहेरचं चालत नाही...”

“तुम्ही कँटीन चालवता ना?”

“हो.”

“मग बरं झालं. या तुम्हीच स्वयंपाकाला.” त्या पिशवीत काहीतरी शोधत म्हणाल्या. “पण एक अट. स्वयंपाकघर तुमचं. अंगणाच्या पलीकडे मुलांचं राज्य. वाढायला यायचं, वाढून झालं की परत. मुलीच्या मागे मागे फिरायचं नाही.”

मी कारखान्यात रजा टाकली आणि गेले.

एकूण अठरा मुलं होती. सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. एक डॉक्टरीण, एक नर्स, समाजसेविका बाई, आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघी आया. तिघींपैकी एक घाटकोपरची होती. तिचे सासू-सासरे परभणीकडून आलेले, बौद्ध कुटुंब, नवरा गोदीत, ती स्वतः एका छापखान्यात छापलेले कागद दुमडायच्या कामाला. तिची बारा वर्षांची मुलगी शिबिरातल्या मुलांमध्ये जवळजवळ सगळ्यात मोठी. त्या मुलीचा आजार बरा होऊन पुन्हा उलटला होता. ही बाई कामाला चलाख होती. मी भाजी चिरून घ्यायला सांगायच्या आत तिने विळी घेतलेली असायची. पहिल्याच सकाळी मी तिला विचारलं, “तुम्ही वस्तीत काय सांगितलं?”

“कशाचं?”

“मुलीचं. आजाराचं.”

“काय सांगायचं? कॅन्सर झालाय म्हणून सांगितलं.” ती बटाटे सोलत होती. “ताई, आमच्याकडं भिंतीला भिंत. इकडं खोकलं की पलीकडं कळतं. लपवायला जागा कुठंय?”

“आणि मुलीला?”

“तिचंच दुखणं. तिला नको कळायला?”

मी मनात म्हटलं, शिकलेली नाही, पोच नाही.

स्वयंपाकघरात माझे नियम कडक होते. कोशिंबीर नाही. दही घरी लावलेलंच. पाणी खळखळून वीस मिनिटं, मग फडक्याने गाळायचं. हात धुतल्याशिवाय कोणी पातेल्याला शिवायचं नाही, समाजसेविका बाईंनीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीवरची एक बाई टोपलीतून करवंदं घेऊन दारात आली आणि अठराच्या अठरा मुलं अंगणातून ओरडत धावली. मी टोपली आत घेतली आणि करवंदं गूळ घालून उकळली. मुलांनी वाटीत बघितलं.

“काकू, ही करवंदं नाहीत, हे औषध आहे.”

“खायचं तर खा.”

“या काकू पाणीपुरीपण शिजवतील!”

त्यात माझ्या मुलीचा आवाज होता की नाही हे मला कळलं नाही, पण ती हसत होती. टोपी तिच्या डोक्यावर नव्हती. मी पाहिलं, कोणाच्याच डोक्यावर नव्हती. पहिल्या दिवशी दुपारी घाटकोपरच्या मुलीने स्वतःची टोपी काढून खिळ्याला अडकवली होती आणि म्हणाली होती, “गरम होतंय यार.” मग एकेकाने काढली. अठरा डोकी, काही गुळगुळीत, काहींवर लोकरीसारखे केस.

मला वाटलं होतं, शिबिरात मुलांना धीर देतील, देवाचं नाव घ्यायला सांगतील, शूर व्हा म्हणतील. तसलं काही नव्हतं. सकाळी तळ्याकाठी चालत नेत आणि मुलं मगर दिसते का बघत बसत. कॅरम होता, सागरगोटे होते, मातीची खेळणी करणं होतं. एका मुलीने पानात भाजी टाकली म्हणून समाजसेविका बाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती मुलगी रडेल म्हणून मी पुढे झाले, तर ती माझ्याकडे बघून हसत होती. घाटकोपरची बाई मला म्हणाली, “वर्षभर कुणी ओरडलंच नसेल तिला.” ते खरं होतं. माझ्या घरात तरी कोण ओरडलं होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी सागरगोट्यात हरली आणि तिने एका पोरीचे सागरगोटे उचलून कुंपणापलीकडे फेकले. “चीटर आहेस तू! चीटर!” अशी किंचाळली. दोघींना उन्हात शोधायला लावलं. मी खिडकीतून बघत होते. वर्षभरात मी तिला चिडलेली पाहिली नव्हती. मी पोळी तव्यावर करपवली, आणि मी पोळी करपवत नाही.

त्याच दिवशी दुपारी, चारच्या सुमाराला, मी आणि घाटकोपरची बाई मुलांसाठी लिंबाचं सरबत घेऊन निघालो. माझ्या हातात स्टीलच्या ग्लासांचं ताट होतं. मुलं व्हरांड्यात खेळत होती. खेळ असा होता: घाटकोपरची मुलगी चटईवर आडवी, डोळे मिटून, आणि बाकीची तिला भेटायला आलेली माणसं.

एक मुलगी कमरेवर हात ठेवून वाकली. “अगं बाई गं! केवढी वाळलीस! आधी काय गुटगुटीत होतीस!”

दुसरा म्हणाला, “ही घ्या मोसंबी. चार आहेत. तीन मीच खातो.”

“आमच्या नणंदेच्या दिराला अस्संच झालं होतं हो.”

“मग?”

“गेला बिचारा!”

सगळी मुलं फिस्सकन हसली. चटईवरची मुलगीसुद्धा. घाटकोपरची बाईही माझ्या शेजारी हसायला लागली. मी थांबले. मुलांचा खेळ संपला की पुढे जावं असा विचार केला.

तेवढ्यात माझी मुलगी उठली. तिने कोणाचा तरी टॉवेल घेतला, पदरासारखा खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, आणि म्हणाली, “आता मी आई.” मग तिने चटईवरच्या मुलीला दंडाला धरून उभं केलं. तो आवाज माझा होता. मी कारखान्यात वाढप्यांना लावते तोच.

“इकडे बघ. सरळ उभी राहा. कोणी विचारलं तर काय सांगायचं? शेजारच्या काकूंना?”

“काय?”

“नवस! शाळेत?”

“काय?”

“कावीळ! वरच्या मजल्यावर, टायफॉइड! गावच्या काकांना, काही नाही, मजेत आहे! डॉक्टरांना, काही दुखत नाही! चल, पुन्हा म्हण. चुकलीस तर बघ!”

मुलं गडाबडा लोळत होती. एक जण हसता हसता ओरडला, “आणि तुला काय सांगितलं गं?”

“मला? रक्त कमी आहे. बीट खा.”

“मलापण बीट!”

“मलापण! मला तर गाजर आणि बीट!”

“कॅन्सरला बीट!” असं कोणीतरी ओरडलं, आणि मग ते सगळे मिळून तेच ओरडायला लागले, टाळ्या वाजवत.

“ताई,” घाटकोपरची बाई हळूच म्हणाली, “ताट वाकडं झालंय. सांडतंय.”

सरबत मी वाटलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, टॉवेल सोडला आणि ग्लास घेतला.

दिवेलागणीला ती स्वयंपाकघराच्या दारात पाणी मागायला आली. मी तिला पाटावर बसवलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“काय?”

“तेच.”

“कॅन्सर?” कोथिंबीर म्हणावं तसं ती म्हणाली. “पहिल्यापासून. इस्पितळाच्या दारावर लिहिलंय ना, एवढ्या मोठ्या अक्षरात. मराठीतपण आहे.”

वर्षभर मी तिला हाताला धरून त्या दारातून आत नेत होते. आठवड्यातून दोनदा. तिला वाचायला मीच शिकवलं होतं, रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावून.

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तू म्हणालीस रक्त कमी. मग मीपण तेच म्हटलं.”

“आणि शाळेत का नाही जायचं?”

तिने पेला खाली ठेवला. “आपल्या मजल्यावरची ती मुलगी माझ्याच वर्गात आहे. तिला नवस सांगितलाय. नंतर टायफॉइड. बाईंना कावीळ. ती बाईंसमोर विचारणार, तेव्हा मी काय सांगू?” मग म्हणाली, “खाली गेलं तरी सगळ्या विचारतात. तिरुपतीला काय काय बघितलं. मी एकदा हत्ती सांगितला, एकदा समुद्र. तिथे समुद्र आहे का गं?”

“नाही.”

“तेच. मला सगळं लक्षात राहत नाही, आई.”

तीनशे माणसांचं जेवण मी रोज वेळेवर लावत होते. आणि शाळेला एक आणि इमारतीला दुसरं सांगितलेलं एकाच वर्गात, एकाच बाकाजवळ येऊन भेटणार, हे मला वर्षभर दिसलं नव्हतं. तिला ऑगस्टमध्येच दिसलं होतं. ती अशक्त नव्हती, ती दमली होती. पवईत पहिल्यांदा तिला कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. जे तिला होतं तेच सगळ्यांना होतं. मग तिच्याकडे हरायला, चिडायला आणि माझी नक्कल करायला वेळ झाला. शिबिरात काय फायदा झाला, असं मला नंतर पुष्कळ लोकांनी विचारलं. रक्ताच्या तपासणीत काही दिसलं नाही. फायदा हा झाला.

“शाळेत खरं सांगितलं तर जाशील?” मी विचारलं.

“तू सांगणार?”

“मी सांगीन.”

“मग जाईन.”

शेवटच्या दिवशी ती आणि घाटकोपरची मुलगी यांनी एकमेकींचे पत्ते लिहून घेतले. दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायचं ठरलं. मी दोघींना दहा-दहा कार्डं आणून दिली. घरी आल्यावर मुलीने दोन कार्डं टाकली, तिला एक आलं. त्यात एवढंच होतं की ‘मी मराठी, गणित आणि चित्रकला सोडून सगळ्यात नापास होणार, तू शाळेत जा नाहीतर मार खाशील.’

शाळा सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा समाजसेविका बाईंचा कारखान्यात फोन आला. घाटकोपरची मुलगी गेली. ताप आला आणि दोन दिवसांत गेली.

त्या संध्याकाळी मी कामावरून परस्पर घाटकोपरला गेले. वस्ती शोधायला वेळ लागला नाही, कोपऱ्यावर विचारलं तर पाच जणांनी घर दाखवलं. ती बाई दारात बसली होती, भोवती शेजारच्या बायका. मला बघून तिने सरकून जागा केली. मी बसल्यावर तिने विचारलं, “पोरीला सांगितलं?”

“अजून नाही. शाळा सुरू होतेय. रुळली की सांगीन म्हणते.”

“आजच सांगा, ताई.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “नाहीतर ती कार्ड टाकत राहील. मला वाचता येत नाही. शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यावं लागेल. दर आठवड्याला.”

घरी आल्यावर मी नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितलं. दोघांचं एकमत झालं. “आत्ता नको,” नवरा म्हणाला. “ती गावी गेलीय म्हणून सांग. शाळेत जायला तयार झालीय कशीबशी, हे ऐकलं तर पुन्हा बसेल घरात.” तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. मलाही तीच भीती होती. पण एक कार्ड तिने त्याच दुपारी लिहून टेबलावर ठेवलं होतं, तिकडे नजर जात होती.

मी तिला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. इकडचं तिकडचं न बोलता.

ती म्हणाली, “खेळात ती मेल्याचं सोंग मस्त करायची.” आणि त्यानंतर, “मीपण मरणार का?”

याचं उत्तर माझ्याकडे वर्षभर तयार होतं, ‘छे, काहीतरीच काय’ असं. ते जिभेवर आलं. मी ते गिळलं. “मला माहीत नाही. तुझं रक्त आत्ता चांगलं आहे. तिचं शिबिरातही चांगलं नव्हतं. पुढचं डॉक्टरांनाही माहीत नाही.”

“खरं?”

“खरं.”

ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने, गॅलरीत ऐकू जाईल एवढ्याने. मी तिला गप्प केलं नाही. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना खुणेने नंतर सांगते म्हटलं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा मला म्हणाला, “झालं समाधान? वाट लावलीस.” कदाचित त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी कामावर जात होते, पण भाजीत दोनदा मीठ पडलं आणि पाळीचे लोक ओरडले. खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं, अशी काही माझी समजूत नव्हती. फक्त दुसरं काय करायला हवं होतं, तेही सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. मागून आवाज आला, “आई, दप्तर कुठे ठेवलंयस?” ती युनिफॉर्म घालून उभी होती. डोक्यावर बोटभर केस, टोपी नाही. मी कारण विचारलं नाही. दप्तर काढून दिलं.

शाळेत तिला वर्गाबाहेर उभं करून मी शिक्षकांच्या खोलीत गेले. चौथीच्या बाई हजेरीचं पुस्तक घेऊन निघतच होत्या. मी म्हटलं, “माझ्या मुलीला कावीळ नव्हती. तिला कॅन्सर आहे.” नेमकी तेव्हाच घंटा झाली. बाई म्हणाल्या, “काय म्हणालात?” घंटेच्या वर आवाज काढून मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तोवर घंटा थांबली होती. खोलीतल्या सगळ्या बाई वळून बघायला लागल्या. चौथीच्या बाईंनी माझा हात धरला. “हळू बोला हो.” मी म्हटलं, “तो कोणाला लागत नाही. तिला पळू द्या, पडली तर मला कळवा, आणि चुकली तर ओरडा.” एवढंच सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. ते सांगून झालं.

बाईंच्या मागून मी वर्गाच्या दारापर्यंत गेले. मुलगी आत गेली. पन्नास डोकी वर झाली आणि गलका एकदम थांबला. आमच्या मजल्यावरची ती मुलगी दुसऱ्या बाकावर होती. तिने हिच्या डोक्याकडे पाहिलं.

“केस कुठे गेले गं पुन्हा?”

“औषधाने गेले. मला कॅन्सर आहे.”

“आणि ते तिरुपती?”

“खोटं होतं.”

ती मुलगी विचार करत राहिली. बाई काही बोलणार होत्या, मी मान हलवली तशा त्या थांबल्या.

“चिकटतो का?”

“नाही.”

“मग बस ना. उभी काय आहेस?” असं म्हणून ती बाकाच्या आतल्या बाजूला सरकली, आणि लगेच म्हणाली, “पण खिडकी माझी हां.”

“का? रोज तूच?”

“मी आधी आलेय.”

“उद्या मी आधी येणार,” माझी मुलगी म्हणाली आणि दप्तर आपटून बसली.

मला पहिल्या पाळीला उशीर झाला होता. मी निघाले.